थेन जाणार हे माहीत होतं, तरी रडू का येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी सव्वीस वर्षांची आहे, इंदिरानगरला आईसोबत राहते, अंबडच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. 'मास इफेक्ट' हा गेम तिने लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा खेळला आणि त्यातल्या थेन क्रिओस या असाध्य आजार असलेल्या पात्रात ती गुंतली. तिसऱ्यांदा खेळतानाही तिने प्रेमासाठी त्यालाच निवडलं. ज्या मिशनमध्ये तो जखमी होतो त्याच्या आधी ती थांबते, गेम बंद करते आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्याच्या मरणाचा प्रसंग तिने यूट्यूबवर एकदा पाहिलाय, तोही अर्धाच. आई म्हणते, "त्या हिरव्या सरड्यासाठी कसली रडतेस, लग्नाचं बघ." मैत्रिणी हसतात. तिला तीन गोष्टी विचारायच्यात: हे नॉर्मल आहे का, आईला काय सांगू, आणि चौथ्यांदा खेळू की सगळं डिलीट करून टाकू. मधेच एका ओळीत, सहज लिहावं तसं तिने लिहिलंय की एप्रिल 2021 मध्ये काका गेले, व्हेंटिलेटरवर होते, शेवटचं बघायला मिळालं नाही.

नॉर्मल आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल.

मी नाशिकमध्ये समुपदेशक आहे. माझे बहुतेक रुग्ण कॅन्सरचे किंवा फुप्फुसं निकामी होत चाललेले, आणि त्यांच्याहून जास्त वेळ जातो तो त्यांच्या घरच्यांशी बोलण्यात. गेमचा आणि माझा एरवी संबंध नाही. पण हल्ली विशी-तिशीतली मुलं-मुली दुःखाबद्दल बोलायला येतात तेव्हा गेममधल्या पात्रांची नावं घेतात, आणि ती कोण हे ठाऊक नसेल तर मला पुढचं काही कळत नाही. म्हणून भाच्याच्या शेजारी बसून मी या गेमचे दुसरा आणि तिसरा भाग पाहिले. गोळीबार त्याने केला, संवादांतली निवड मी. (माझी शेपर्ड फार समजूतदार निघाली आणि त्यामुळे मजा गेली, अशी त्याची अजून तक्रार आहे.)

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बायोवेअर या कॅनडातल्या स्टुडिओच्या या मालिकेचा दुसरा भाग 2010 मध्ये आला, तिसरा 2012 मध्ये. शेपर्ड ही अंतराळयानाची कमांडर म्हणजे तुम्ही स्वतः. पुरुष व्हा किंवा स्त्री. यानावर जमवलेल्या साथीदारांशी गप्पा होतात, मैत्री होते, काहींशी प्रेमही. थेन हा ड्रेल जमातीतला मारेकरी. ड्रेल मूळचे कोरड्या ग्रहावरचे. तो ग्रह मरू लागला तेव्हा हनार नावाच्या जलचर जमातीने जमेल तेवढ्या ड्रेलांना आपल्या समुद्रमय ग्रहावर नेलं. जीव वाचले, पण तिथल्या दमट हवेने त्यांना केप्रल्स सिंड्रोम जडू लागला. यात फुप्फुसं हळूहळू ऑक्सिजन घेईनाशी होतात. यानावर थेन राहतो ते लाइफ सपोर्टच्या खोलीत, कारण तिथली हवा इतर खोल्यांपेक्षा कोरडी असते. पहिल्याच भेटीत तो सांगून टाकतो की आपण मरणार आहोत, आजार संसर्गाचा नाही आणि कामात त्याची अडचण होणार नाही. त्याच्याशी प्रेम फक्त स्त्री शेपर्डला करता येतं.

म्हणजे प्रेमात पडण्याआधी तुमच्या हातात निदान असतं. सगळी गोम इथे आहे असं मला वाटतं. कथेत आवडतं माणूस मरतं तेव्हा एरवी वाचकाला धक्का बसतो, लेखकाचा राग येतो. इथे धक्का नाही. आमच्याकडे येणाऱ्या बाईंना ही संधी मिळालेली नसते. नवऱ्याचं निदान हाती येतं तेव्हा लग्नाला वीस-वीस वर्षं झालेली असतात, निवडायचं काही उरलेलं नसतं. तुम्ही मात्र रिपोर्ट वाचून, समजून, होय म्हटलंत. स्वतः कबूल केलेल्या दुःखाला माणूस सहजासहजी पाठ फिरवत नाही.

आता 'नॉर्मल'बद्दल. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं होतं की टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण खरं वाटणारं नातं तयार होतं. गेममध्ये ते अधिक घट्ट होतं, कारण टीव्हीवरचा माणूस तुम्हाला उत्तर देत नाही, थेन देतो. तुम्ही काय बोललात यावर तो काय बोलेल हे ठरतं. ते आधी लिहिलेलं असतं हे तुम्हाला माहीत असतं, आणि तरीही.

हे 'आणि तरीही' आपल्याकडे टीव्हीच्या आधीच चघळून झालंय. पैसे मोजून नाटकाला जायचं आणि तिथे ढसाढसा रडायचं, यात आनंद कसला? न. चिं. केळकरांनी 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून बोलताना 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. रसिक पात्राशी एकरूप होतो आणि त्याच वेळी आपलं वेगळेपण विसरत नाही. तुम्ही रात्री डोळे पुसत गेम सेव्ह करता आणि सकाळी कंपनीची बस गाठून ड्रॉइंगवरचे टॉलरन्स काटेकोर तपासता. केळकरांना हवा होता तो रसिक तुमच्यासारखाच असणार. डोकं ठिकाणावर असल्याचा याहून चांगला पुरावा मला नको.

पण तुमचं एक वाक्य मला पटलेलं नाही. तुम्ही लिहिलंय, इतक्या शांतपणे मरण स्वीकारणारा माणूस तुम्ही पाहिला नाही. या शांतपणावर जगभरचे चाहते फिदा आहेत. तो हळू बोलतो, मान किंचित झुकवतो, आवाज घोगरा. मीही पहिल्यांदा फसले असते, पण असले शांत पुरुष मी रोज बघते.

इलियम या ग्रहावर तो पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग पुन्हा आठवा. छतातून उतरतो, रक्षकांना मारतो, बाईला गोळी घालतो, तिला टेबलावर नीट निजवतो आणि हात जोडून प्रार्थना करतो. प्रार्थना मेलेलीसाठी नाही, स्वतःसाठी आहे असं सांगतो. पुढे कळतं की त्याच्या शत्रूंनी सूड म्हणून त्याच्या बायकोला, इरिकाला मारलं. तेव्हापासून शरीर आपलं काम करत राहिलं आणि आत्मा झोपून गेला, असं तो स्वतःबद्दलच म्हणतो. मुलाला नातेवाइकांकडे सोडून दिलं. जिवंत परत येण्याची शक्यता नाही असं मिशन त्याने का स्वीकारलं? त्याला परत यायचंच नव्हतं म्हणून. याला मी मरणाचा स्वीकार म्हणणार नाही. माणसाने सगळं आधीच खाली ठेवून दिलंय.

वॉर्डात असं खूप दिसतं. "आजोबा किती शांत झालेत बघा, काही मागत नाहीत, तक्रार नाही," असं घरचे अभिमानाने सांगतात. नर्स मला बाजूला घेऊन सांगते की आजोबा दोन दिवस जेवलेले नाहीत आणि नातू आला तरी भिंतीकडेच तोंड करून पडतात. काही वेळा ती खरंच शांती असते. बऱ्याच वेळा ते उपचार न झालेलं नैराश्य असतं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मी एकच गोष्ट बघते: या माणसाला अजून काही हवंय का? बहिणीला भेटायचंय, पिठलं खायचंय, खिडकीजवळ कॉट हवीय. मनाने निवांत झालेल्या माणसाच्या मागण्या थांबत नाहीत. उलट ज्या असतात त्या नेमक्या होतात.

थेनला पहिल्यांदा काही हवंसं वाटतं ते मुलासाठी. कोल्यात बापाच्या वाटेने सुपारी घेतो आणि त्याला अडवायला थेन शेपर्डची मदत मागतो. त्यानंतर त्याच्या बोलण्याला ओल येते. (हे मानवी शब्दांत; ड्रेलांना ओल मानवत नाही.) आणि मग शेवटच्या मोहिमेच्या आधीची रात्र. तो शेपर्डच्या खोलीत येतो आणि कोसळतो. भीती वाटतेय, आणि भीती वाटतेय याची लाज वाटतेय. तिथे मी भाच्याला गेम थांबवायला लावला. इतका वेळ ज्याला मरणाचं काहीच वाटत नव्हतं तो आता थरथरतोय, कारण आता गमावण्यासारखं काही आहे. रुग्ण म्हणून पाहिलं तर थेन त्या रात्रीइतका बरा संपूर्ण गेममध्ये कधी नव्हता. लिहिणाऱ्यांना हे कळलं होतं याचं मला कौतुक वाटतं. 

त्या क्षणी शेपर्ड त्याला गप्प करत नाही. 'असं बोलू नये', 'काही होत नाही तुला', 'पॉझिटिव्ह राहा' असलं काहीही नाही. ती त्याला बोलू देते आणि जवळ थांबते.

आपल्या घरांत काय होतं? "डॉक्टर, त्यांना फक्त सांगू नका." हे वाक्य मी गंगापूर रोडच्या बंगल्यातही ऐकलंय आणि सातपूरच्या दोन खोल्यांतही. फाइल कपाटाच्या वरच्या खणात जाते. केमोला 'ताकदीची सलाइन' म्हणतात. रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलं असतं, पण आपल्याला कळलंय हे बायकोला कळू नये म्हणून तोही नाटकात सामील होतो. आमच्या क्षेत्रात याला संगनमत म्हणतात आणि ते होतं प्रेमापोटीच. म्हणूनच मोडायला इतकं अवघड जातं. शेवटचे महिने साखर किती, गोळी घेतली का, जुलाब थांबले का, एवढ्यावर जातात. चुकलं माकलं माफ कर, दुकानाचं कोणाला द्यायचं, तू नंतर कशी राहशील, हे बोलायचं राहतं. 

थेन आणि शेपर्ड लाइफ सपोर्टमधल्या त्या टेबलाशी समोरासमोर बसून हेच बोलतात. त्याच्या पापांबद्दल, मुलाबद्दल, मेलेल्या बायकोबद्दल, उरलेल्या दिवसांबद्दल, न कचरता. असं संभाषण तुमच्या घरात सव्वीस वर्षांत झालं असेल असं मला वाटत नाही. झालं असेल तर तुमच्या पिढीतल्या मी ओळखते त्या मुलींपैकी तुम्ही अपवाद ठराल. त्याचा चेहरा ठरवताना स्टुडिओतल्या स्त्रियांना काय आवडेल ते विचारलं होतं म्हणे, आणि तो देखणा आहेच, सरडा का असेना. पण तीन-तीनदा निवडलंत ते त्या टेबलासाठी, असा माझा अंदाज आहे.

पुढचा मुद्दा चाहत्यांच्या वाटाघाटींचा. थेनवर उपाय निघायला हवा होता असं मानणारे खूप आहेत, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. हनार उपचारावर संशोधन करतायत असं गेममध्येच सांगितलंय. यानावर मॉर्डिनसारखा शास्त्रज्ञ बसलाय जो एका जमातीचं अख्खं जननशास्त्र बदलू शकतो. त्याला एक फुप्फुस जमू नये? एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या, मरणाला सामोरं जाण्याच्या पाच अवस्थांत घासाघीस ही एक आहे. त्या अवस्था त्यांनी मरणाऱ्या रुग्णांशी बोलून लिहिल्या होत्या; मागे राहिलेल्यांवर त्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि त्या क्रमाने यायलाच हव्यात असंही काही नाही. माझ्या रुग्णांची घासाघीस कधीतरी थकते, कारण समोर कोणी नसतं. नवस बोलून होतात, दुसरं मत, तिसरं मत घेऊन होतं. गेमच्या चाहत्यासमोर मात्र लेखक जिवंत असतो. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने 1893 मध्ये मारलं आणि वाचकांनी पिच्छा न सोडल्याने 1903 मध्ये चक्क परत आणलं. 'मास इफेक्ट 3'च्या शेवटावर चाहते इतके चिडले की कंपनीने काही महिन्यांतच वाढवलेला शेवट फुकट दिला. ओरडल्यावर बदलतं, हे एकदा सिद्ध झाल्यावर आशा कशाला संपेल? म्हणून थेनला बरं करणाऱ्या, त्याला वाळवंटाच्या काठी घर बांधून देणाऱ्या कथा चाहते अजून लिहितायत. खुशाल लिहाव्यात. "आज असते तर नातवाच्या मुंजीला पुढे बसले असते," हे आपणही म्हणतोच.

तुमची पद्धत वेगळी आहे, आणि तिच्याशी मी भांडणार आहे. तुम्ही त्याला बरं करत नाही, मरूही देत नाही. हॉस्पिटलच्या खिडकीशी उभा करून ठेवता आणि निघून जाता.

त्यामुळे तुमच्या वाटचा शेवट तुम्ही पाहिलेलाच नाही. डॉक्टरांनी दिलेली मुदत ओलांडून थेन सिटाडेल या अंतराळस्थानकावरच्या हॉस्पिटलात आहे, मुलाच्या जवळ. शेपर्डसोबत लढाईवर यायला नकार देतो. शरीराला झेपणार नाही हे त्याला कळतं. मग सर्बेरस या शत्रू संघटनेचा हल्ला होतो, आणि त्याच शरीराने तो एका कौन्सिलरला वाचवायला मधे पडतो, त्यांच्या काय लेंग नावाच्या मारेकऱ्याची तलवार पोटात घेतो. शेवटी पलंगावर तो, एका बाजूला कोल्यात, एका बाजूला शेपर्ड. प्रार्थना सुरू होते, त्याला बोलवेनासं होतं, मुलगा पुस्तकातून पुढे वाचतो, शेपर्डही म्हणते. आणि नंतर तिच्या लक्षात येतं की प्रार्थनेतलं मागणं एका स्त्रीसाठी होतं. ते तिच्यासाठी होतं. इलियमवर प्रेताशेजारी उभं राहून स्वतःसाठी मागणारा माणूस जाताना दुसऱ्यासाठी मागून जातो. अर्धा व्हिडिओ बघून बंद केलात तिथे हे अजून यायचं होतं.

एक खोट मात्र काढायलाच हवी. आजार दिला फुप्फुसाचा आणि मारलं तलवारीने. लेखकांनी इथे अंग काढून घेतलंय. थेनचा खोकला फार सभ्य आहे. फुप्फुसं तंतुमय होत गेलेला माणूस मी पाहते तो एक वाक्य तीन श्वासांत बोलतो, रात्र बसून काढतो, घरभर नळी ओढत फिरतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा आवाज आणि विजेचं बिल दोन्ही घरच्यांच्या डोक्यात बसतं. कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर जाता जाता सांगते: तोंडावर येणारा छोटा पंखा, मागे उशा लावून बसवणं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडावाटे थोड्या प्रमाणात मॉर्फिन, यांनी काहींची दम लागण्याची तडफड कमी होते. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका. 2014 च्या कायदादुरुस्तीनंतर ते मिळणंही पूर्वीपेक्षा सोपं झालंय. असाध्य आजार सुंदर दिसतो तो पडद्यावर. थेन आवडला म्हणून आजार आवडायचं कारण नाही, आणि तुमच्या पत्रात तसं काही दिसलंही नाही.

मरणानंतर गेम काय करतो? पुढे जातो. युद्ध चालू आहे, रीपर्स नावाची महाकाय शत्रूयंत्रं येतायत, स्मारकाच्या भिंतीवर एक नाव वाढतं. मूळ 2012 च्या गेममध्ये शेपर्ड त्याची प्रेयसी असली तरी तिला शोक करायला जागा जवळपास नव्हतीच. कोणी नीट विचारत नाही, ती कोणाला सांगत नाही. चाहत्यांचा सगळ्यात रास्त राग हा आहे, उपचाराच्या मागणीहूनही रास्त. केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखावर लिहिलं, ज्याला समाज दुःख मानतच नाही: घटस्फोटित नवऱ्याचं मरण, गर्भपात, पाळलेलं कुत्रं, लपवलेलं नातं. सुट्टी नाही, सांत्वनाला कोणी येत नाही, उलट 'त्यात काय एवढं'. शेपर्डच्या वाट्याला ते आलं आणि तिच्यामागे कंट्रोलर धरून बसलेल्या तुमच्या वाट्याला दुसऱ्यांदा, कारण तुम्ही सांगितलंत तर लोक हसतात.

पुढच्या वर्षी, मार्च 2013 मध्ये, 'सिटाडेल' नावाचा जोडभाग आला आणि त्यात थेनसाठी स्मरणसभा ठेवली गेली. शेपर्डच्या घरी, कोल्यात आणि साथीदारांच्या उपस्थितीत. ज्या शेपर्डचं त्याच्यावर प्रेम होतं तिच्यासाठी त्याने मागे ठेवलेले व्हिडिओ निरोपही. 

नाशिकमध्ये राहून असल्या सभेची गरज मला कोणी पटवून द्यायला नको. रामकुंडावर रोज दहाव्याची माणसं असतात, कुठून कुठून अस्थी घेऊन येतात. पिंडाला कावळा शिवेना की घोळका अस्वस्थ होतो आणि मग कोणीतरी पुढे होऊन मोठ्याने म्हणतं, "धाकटीचं शिक्षण आम्ही बघू, काळजी करू नका." कावळ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घरात वर्षभर जे बोललं गेलं नाही ते तिथे चारचौघांत बोललं जातं, एवढं मी पाहिलंय.

एप्रिल 2021 मध्ये नाशिकला हेच बंद होतं. त्या महिन्याच्या 21 तारखेला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि 22 रुग्ण गेले. ऑक्सिजन हा शब्द त्यानंतर इथल्या कित्येक घरांत नेहमीच्या आवाजात बोलला गेलेला नाही. आत कोणाला सोडत नव्हते, अमरधामला चार माणसं जमवता येत नव्हती. तुमचे काका त्याच महिन्यात गेले. गेमची तुमच्याकडची 'लेजंडरी एडिशन', म्हणजे तिन्ही भाग एकत्र असलेली आवृत्ती, मे 2021 मध्ये बाजारात आली.

इथे मला एक सोपं उत्तर देता आलं असतं: तुम्ही खरं तर काकांसाठीच रडताय, थेन निमित्त. ते मी देणार नाही. हल्ली असली उत्तरं फार स्वस्त झालीत. त्यात थेनवरचं प्रेम खोटं ठरतं आणि काका कोड्याचं उत्तर होऊन बसतात. माणसाला दोघांसाठी वेगवेगळं रडता येतं. पण दम कोंडून जाणारा माणूस, हॉस्पिटल, आणि दाराशी जाऊन तुमचं परत फिरणं, हे तुम्हीही पाहिलं असेल, नाहीतर ती ओळ पत्रात आली नसती. दार ज्या वेळी दुसऱ्यांनी बंद केलं होतं त्या वेळचा राग आता स्वतः दार बंद करण्यात उतरतोय का, एवढं स्वतःला विचारून बघा. उत्तर 'नाही' आलं तरी चालेल.

आईंना थेनबद्दल काही सांगू नका, निदान आत्ता नको. पटवून द्यायला गेलात तर सरड्यावरून लग्नावर गाडी यायला दोन मिनिटं पुरतील. काकांबद्दल विचारा. "आई, काकांना शेवटी काय बोलायचं असेल ग?" एवढंच, भाजी निवडताना, तिच्याकडे न बघता. त्यांचा तो दीर होता. त्यांनाही तेरा दिवस मिळालेले नाहीत. त्या रडल्या तर रडू द्या, विषय बदलला तर बदलू द्या आणि आठवड्याने पुन्हा विचारा. टेबलाशी बसून बोलायचं कसं हे तुम्ही शेपर्डकडून तीनदा शिकलायत.

काळजी केव्हा करायची तेही सांगते. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलं की दुःखातला माणूस गेलेल्याकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने झुकत राहतो. हे येणं-जाणं चालू असेल तर ठीक. ते थांबलं, झोप आणि जेवण बिघडून पंधरवडा उलटला, कामावर जाववेना, जिवंत माणसं नकोशी वाटू लागली, किंवा त्याच्यासारखंच संपून जावं असं मनात येऊ लागलं, तर गेमचा विचार बाजूला ठेवून 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असू शकतं.

राहिला चौथ्यांदा खेळण्याचा प्रश्न. डिलीट करू नका. पण पहिल्यापासून सुरूही करू नका. जिथे थांबलायत ती सेव्ह फाइल उघडा आणि तिथून पुढे जा. रविवारी दुपारी, जेवून, घरात कोणीतरी असताना; दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असेल तर रात्री बारानंतर अजिबात नको. प्रार्थना पूर्ण ऐका, कोल्यात पुस्तक मिटेपर्यंत. मग दोन-चार दिवस जाऊ द्या. लेजंडरी एडिशनमध्ये 'सिटाडेल' आधीच घातलेलं आहे, वेगळं विकत घ्यायला नको. शेवटच्या मोहिमेला निघण्याआधी स्मरणसभा ठेवा आणि त्याचे निरोप पहा. नंतर युद्ध संपवा, कारण तीनदा खेळूनही ते तुमचं अर्धवटच पडलंय. गेमच्या शेवटांपैकी लाल, निळा की हिरवा निवडायचा यावर माझ्याकडे तज्ज्ञ म्हणून काही मत नाही. भाच्याकडे आहे, आणि ते फार लांबलचक आहे.